वकिलाशिवाय: परळच्या ग्राहक आयोगातली एक फाइल

[धोबी तलाव. सकाळची वर्दळ. जुन्या इमारतीच्या पायऱ्या.]

हे लघुवाद न्यायालय. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेट यांचीच ही वास्तू. नावात 'लघु' आहे, म्हणून छोट्या रकमेची भांडणं घेऊन माणसं आजही इथे येतात. पण १८८२ च्या कायद्यावर चालणाऱ्या या न्यायालयात पैशांचा दावा १०,००० रुपयांपर्यंतच लावता येतो. इथे दिसणारी बहुतेक गर्दी घरमालक आणि भाडेकरूंची आहे.

लालबागच्या ताईही आधी इथेच आल्या होत्या. त्यांचे अडकले होते २४,५०० रुपये. बाहेर टायपिंगला बसणाऱ्या एका काकांनी त्यांना विचारलं, "वस्तू खराब निघालीय ना? मग इथे कशाला? परळला जा, ग्राहक आयोगात."

[लालबाग. चाळीतली खोली. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली झाकलेली घरघंटी.]

ही ती घरघंटी. ताई थालीपिठाची आणि उपवासाची भाजणी करून विकतात. गिरणीतल्या रांगेत अर्धा दिवस जायचा, म्हणून साठवलेल्या पैशांतून ही घेतली. बारीक दळणाची जाळी एकदाच लागली. अकराव्या दिवशी जळका वास आला आणि मोटर थांबली. तीनदा दुरुस्ती झाली, तीनदा पुन्हा बंद. चौथ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "तुम्ही धंद्यासाठी घेतलीत. तुम्ही ग्राहक नाहीच."

हे ऐकून कितीतरी जण घरी बसतात. बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात स्पष्ट लिहिलं आहे: स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली आणि वापरली, तर तो माणूस ग्राहकच. शिवणयंत्रावर बसणारी बाई ग्राहक आहे आणि भाजणी दळणारी ताईही.

[टेबलावर कागद. ताईंचे हात. पाकिटाचा क्लोजअप.]

हे पाकीट नीट बघा. ताईंनी दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली होती. तक्रारीआधी अशी नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही, पण आयोगासमोर तिचा उपयोग होतो. पाकीट परत आलं. त्यावर पोस्टमनचा निळ्या पेनाने शेरा: 'घेण्यास नकार'. घरातले म्हणाले, फाडून टाक, गेले पैसे. ताईंनी ते न फोडता तसंच ठेवलं. बरोबर पत्त्यावर गेलेली नोटीस नाकारली, तर ती मिळाली असंच कायदा धरून चालतो. कोपऱ्यावरचा पांढरा ठसा पिठाचा आहे.

मग फाइल. ताईंनी ती चार रात्री बसून लावली. वर अनुक्रमणिका. त्यामागे तारीखवार घटना: कधी घेतली, कधी बंद पडली, मेकॅनिक कधी आला, काय म्हणाला. मग तक्रार अर्ज, साध्या मराठीत. 'फसवणूक झाली' एवढंच लिहून भागत नाही. काय हवं ते नेमकं मागावं लागतं: घरघंटीची किंमत, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. सोबत प्रतिज्ञापत्र. खाली बिल, वॉरंटी कार्ड, दुरुस्तीच्या तीन पावत्या, व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचे प्रिंट. प्रत्येक पानाला नंबर, प्रत्येक झेरॉक्सवर सही. एक संच आयोगाचा, एक स्वतःचा, आणि प्रत्येक सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, एकेक. सामनेवाले दोन, दुकानदार आणि कंपनी. दोघांनाही धरलं, म्हणून पुढे कोणी एकमेकांकडे बोट दाखवून सुटला नाही.

ज्यांना आयोगात जाणं जमत नाही, त्यांना ई-जागृती पोर्टलवर घरूनही तक्रार दाखल करता येते.

[परळ. पुरवठा भवन. जिना, भिंतीवर लावलेला बोर्ड.]

मध्य मुंबईचा जिल्हा आयोग इथे बसतो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर फी शून्य. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी. वकील लागत नाही, स्वतः उभं राहून बोलता येतं. मुदत मात्र पाळावीच लागते: तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

आत कॅमेऱ्याला परवानगी नाही. म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर थांबलो. पुकारा झाला, ताई आत गेल्या, सात मिनिटांनी बाहेर आल्या. तक्रार दाखल करून घेतली होती.

सामनेवाल्यांना नोटीस निघते. लेखी कैफियतीसाठी, म्हणजे तक्रारीला उत्तर द्यायला, त्यांना ३० दिवस, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यानंतर आलेली कैफियत आयोग घेऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हे पक्कं केलं आहे. दुकानदाराची कैफियत आलीच नाही. कंपनीची वेळेत आली. मग पुराव्याचं प्रतिज्ञापत्र, लेखी युक्तिवाद, तोंडी युक्तिवाद. प्रत्येक तारखेला ताई रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद, वाचून पुढची तारीख वहीत लिहीत.

[वहीचं पान. एकाखाली एक तारखा.]

कायदा म्हणतो, शक्यतो तीन महिन्यांत निकाल. या वहीत एकोणीस महिन्यांच्या तारखा आहेत.

निकाल ताईंच्या बाजूने लागला. पैसे मात्र लगेच आले नाहीत. वसुलीचा अर्ज करावा लागला. आदेश न पाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे कळल्यावर चेक आला.

[नवी घरघंटी सुरू होते. नाचणी. परातीत पडणारं पीठ. फक्त यंत्राचा आवाज.]

[काळ्या पडद्यावर: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५]