त्झात्झिकी : दही, काकडी आणि काढून टाकलेलं पाणी

[दृश्य : किसणीवर काकडी. खाली ताटलीत पाणी जमतंय.]

काकडीत साधारण 95 टक्के पाणी असतं. ते सुटू नये म्हणून आपण खमंग काकडीत मीठ घालतो ते अगदी आयत्या वेळी, पानं मांडल्यावर. ग्रीसमध्ये त्झात्झिकी, म्हणजे तिथली दही-काकडीची दाट कोशिंबीर, करताना याच्या बरोब्बर उलट करतात. काकडी किसली की आधी मीठ. मग अर्धा तास चाळणीत ठेवायची, आणि मुठीत घेऊन पिळायची. हलक्या हातानं नव्हे, चांगली करकचून. ताटलीभर किसाचा एवढासा गोळा उरला, की समजायचं काकडी तयार आहे.

[दृश्य : टांगलेलं फडकं, खाली पातेलं.]

दह्याचंही तेच. ग्रीस डोंगराळ देश, मेंढ्या-शेळ्यांचा. तिथलं जुन्या वळणाचं दही मेंढीच्या दुधाचं. या दुधात स्निग्धांश 6-7 टक्के, म्हणजे गाईच्या दुधापेक्षा बराच जास्त, त्यामुळे दही मुळातच दाट लागतं. ते कापडात बांधून निथळलं की हातात येतो चक्काच. श्रीखंड करणाऱ्या घराला हे वेगळं शिकवायला नको! परदेशातली कितीतरी मराठी घरं ग्रीक योगर्टचा डबा श्रीखंडासाठीच आणतात. आपल्याला फक्त साखरेचा डबा दूर ठेवायचाय.

घरी करायचं तर म्हशीच्या दुधाचं, ताजं, आंबट न झालेलं दही घ्या. किलोभर दह्याचा निम्म्याच्या आसपास चक्का उरतो. फडकं रात्रभर फ्रिजमध्येच निथळू द्या. बाहेर ठेवलं तर आंबटपणा वाढत जातो.

विकतचं घेणार असाल तर डब्यामागची बारीक अक्षरं वाचा. दूध आणि विरजण, बस. स्टार्च घातलेलं दही निथळलेलं असेलच असं नाही, नुसतं घट्ट केलेलं असू शकतं. ब्रिटनमध्ये तर नावावरून प्रकरण कोर्टात गेलं. 2013 साली लंडनच्या उच्च न्यायालयानं ठरवलं, की अमेरिकेत बनलेलं दही तिथे ‘ग्रीक योगर्ट’ म्हणून विकता येणार नाही.

[दृश्य : खलबत्ता. लसूण, जाड मीठ.]

आता लसूण. इथे हात आवरायचा. लसणाचा झणका अख्ख्या पाकळीत नसतो. ती ठेचली, पेशी फुटल्या, की तेव्हा तो तयार होतो. दह्यात मुरल्यावर तर आणखी जाणवायला लागतो. त्यामुळे कालवताना चाखून ‘लसूण कमी पडला’ असं वाटलं, तरी थांबा. अर्धा किलो चक्क्याला दोन पाकळ्या पुष्कळ झाल्या.

चक्क्यात लसूण, चमचाभर व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल. तेल थोडं थोडं, चमच्यानं फेटत. मिक्सर नको, त्यात चक्का सैल पडतो. काकडी सगळ्यात शेवटी, आणि मीठ त्यानंतर चाखूनच, कारण काकडीनं आपलं मीठ सोबत आणलेलंच असतं.

वरून शेपू. हो, आपला तोच शेपू, ज्याला निम्मं घर नाकं मुरडतं. कोवळी पानं बारीक चिरून घाला, जाड देठ टाकून द्या. सायप्रसमध्ये अशाच पदार्थात पुदिना घालतात आणि त्याला तलात्तुरी म्हणतात. शेजारच्या तुर्कस्तानात हेच मिश्रण पाणी घालून पातळ करतात, उन्हाळ्यात गार सूपसारखं. पण इतकी पिळापिळी करून वर पुन्हा पाणी ओतायचं? माझं मत ग्रीकांच्या बाजूनं.

[दृश्य : टॅव्हर्नातलं, म्हणजे ग्रीक खाणावळीतलं टेबल. पाव, तळलेली झुकिनी, सुवलाकीच्या (भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांच्या) सळ्या.]

तासभर गार करून वाढा. पावाला लावा, तळणीबरोबर घ्या, निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाबरोबर तर हवीच. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी वर थोडं पाणी तरंगलं तर ओतून टाका. आणि वाटी भरून पाणी निघालं, तर पुढच्या वेळी काकडी जरा जोर लावून पिळा.