गीसेनच्या चौकीतली प्रयोगशाळा

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी ज्यांनी अकरावी-बारावीला सायन्स घेतलं होतं, त्यांना प्रयोगशाळेतली एक काचेची वस्तू आठवत असेल. नळीच्या आत नळी. बाहेरच्या नळीतून थंड पाणी खेळवायचं, आतल्या नळीतून वाफ जाते आणि पलीकडे थेंब थेंब पडायला लागतो. जर्नलमध्ये पेन्सिलनं तिची आकृती काढायची आणि खाली नाव घालायचं, लिबिग कंडेन्सर. एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवताना ही आकृती मी किती मुलांकडून काढून घेतली असेल याचा हिशेब नाही. आणि त्यातली बरीच वर्षं हा कंडेन्सर लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानंच शोधला, असं बिनदिक्कत सांगत आलो. तसं नाहीये. अशा कंडेन्सरचं वर्णन वायगेल नावाच्या जर्मन माणसानं 1771 मध्येच केलं होतं, म्हणजे लीबिगच्या जन्माआधी बत्तीस वर्षं. लीबिगनं तो वापरला, त्याचा प्रसार केला आणि नाव त्याला चिकटलं. ज्या उपकरणानं लीबिग खऱ्या अर्थानं लीबिग झाला, ते आपल्या कॉलेजच्या कपाटात मला कधीच दिसलं नाही. आज त्याच उपकरणाबद्दल आणि ते जिथं जन्मलं त्या छोट्या विद्यापीठाबद्दल बोलायचं आहे.

गीसेन हे जर्मनीतल्या लान नदीकाठचं गाव. तेव्हा जर्मनी असा एक देशही नव्हता. गीसेन हेसे-डार्मश्टाट नावाच्या एका लहानशा संस्थानात होतं. विद्यापीठ 1607 सालचं, म्हणजे जुनं, पण लहान आणि आडबाजूचं. संस्थानाला लागणारे वकील, धर्मोपदेशक, डॉक्टर आणि कारकून तयार करायचे, एवढंच त्याचं काम. तिथं 1824 च्या मे महिन्यात एकवीस वर्षांचा युस्टुस लीबिग रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला. वडील डार्मश्टाटचे रंग-रसायनांचे व्यापारी. मुलगा शाळेत यथातथाच. औषधाच्या दुकानात उमेदवारीला ठेवला, तीही पुरी झाली नाही. स्फोटक रसायनांचे उद्योग करून त्यानं छप्पर उडवलं अशी कथा सांगतात. फीचे पैसे थकले म्हणून त्याला परत आणलं असंही अभ्यासक म्हणतात. मला स्फोटाची कथा जास्त आवडते, पण माझ्या आवडीला इथं किंमत नाही.

पुढं राजाच्या शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला गेला. तिथं मोठमोठ्या शास्त्रज्ञांची व्याख्यानं ऐकायला मिळत, पण प्रयोगशाळेत हात घालायला मिळणं ही चैन होती. आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या नामवंत जर्मन शास्त्रज्ञानं शब्द टाकला आणि गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं आपल्या खाजगी प्रयोगशाळेचं दार उघडलं. गुरूच्या शेजारी उभं राहून, त्याच्या बोटांकडं बघत शिकायचं. त्याच हुम्बोल्टच्या शिफारशीनं गीसेनची नेमणूक झाली, आणि तीही विद्यापीठाला न विचारता, थेट राजाकडून! आपल्याकडं अशी वरून ऑर्डर आली तर स्टाफरूममध्ये काय वातावरण होतं हे मी सांगायला नको. गीसेनमध्येही तेच झालं.

वर्षभरात या पोरसवदा प्राध्यापकानं दोन सहकाऱ्यांना बरोबर घेऊन प्रस्ताव मांडला. औषध बनवणाऱ्यांना आणि रसायनाचा धंदा करणाऱ्यांना हातानं काम करायला शिकवणारी संस्था विद्यापीठानं काढावी. विद्यापीठाच्या धुरीणांनी तो फेटाळला. विद्यापीठाचं काम सरकारी अधिकारी घडवण्याचं आहे. साबणवाले, दारू गाळणारे आणि रंगारी घडवण्याचं नाही, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ. खाजगीत चालवायचं तर चालवा, म्हणाले. मग ती शाळा खाजगीत सुरू झाली.

जागा मिळाली ती वापरात नसलेल्या लष्करी बराकीच्या पहाऱ्याच्या चौकीत. पुढं खांबांचा ओटा, आत काही खोल्या. धूर नि वाफा ओढून घेणारी सोय नाही. घाणेरडा वायू निघणार असेल तर बाहेर ओट्यावर जायचं, नाहीतर खिडक्या उघडायच्या. हे वाचलं तेव्हा मला आमची जुनी लॅब आठवली. किप्सचं उपकरण सुरू झालं की हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांचा वास थेट मराठीच्या वर्गापर्यंत जायचा आणि कविता शिकवणारे सर रुमाल नाकाला लावून दारात येऊन उभे राहायचे.

आता त्या उपकरणाकडं येऊ. साखर, तेल, कापूर, अफूतला अर्क या सगळ्यांत मुख्य घटक कार्बन आणि हायड्रोजन. पण कशात किती, हे कळल्याशिवाय पुढं जाताच येत नव्हतं. ते मोजायची पद्धत होती, पण ती वस्तादांची होती. स्वीडनच्या बर्झेलियससारख्या माणसाला एखाद-दुसऱ्या पदार्थामागं आठवडेच्या आठवडे घालवावे लागत. लीबिगनं 1831 मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. पदार्थाची चिमूट अचूक तोलायची, कॉपर ऑक्साइडमध्ये मिसळून काचेच्या लांब नळीत भरायची आणि कोळशाच्या निखाऱ्यांवर तापवायची. पदार्थ जळतो. हायड्रोजनचं पाणी होतं, ते पुढच्या नळीतलं कॅल्शियम क्लोराइड शोषून घेतं. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो पकडण्यासाठी लीबिगनं काचेचे पाच फुगे त्रिकोणात जोडले आणि त्यात कॉस्टिक पोटॅशचं पाणी भरलं. वायू एका फुग्यातून दुसऱ्यात बुडबुडत जातो आणि तिथंच अडकतो. आधी वजन, नंतर वजन. जेवढं वाढलं तेवढा कार्बन डायऑक्साइड. त्याचे अकरा भाग केले तर तीन भाग कार्बन. दुसऱ्या नळीत वाढलेल्या वजनाचा नववा भाग हायड्रोजन. संपलं!

वायूचं आकारमान मोजण्याची कटकट गेली आणि सगळं तराजूवर आलं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे काम आता वस्तादाशिवाय जमायला लागलं. ज्याला काच तापवून वाकवता येते, तराजू सांभाळता येतो आणि ज्याच्याकडं थोडा धीर आहे, असा वीस वर्षांचा मुलगा हे करू शकत होता. शिवाय त्याचा आकडा बर्झेलियसच्या आकड्याच्या शेजारी मांडायच्या लायकीचा असे. छोट्या विद्यापीठाच्या हाती याहून मोठं भांडवल काय येणार? राजधानीतली अकादमी नाही, श्रीमंत आश्रयदाता नाही. पण विद्यार्थी आहेत, आणि त्यांच्या हातून आता नवं, खरं काहीतरी निघतंय. शिकवणं आणि संशोधन ही दोन वेगळी कामं उरलीच नाहीत. हे पाच फुगे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही आहेत.

तिथं दिवस कसा जायचा, ते लीबिगनं स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय. नवशिक्यांना मदतनीस शिकवत. जुन्यांना मात्र कुणी शिकवायचं नाही. लीबिग विषय देई आणि रोज सकाळी प्रत्येकाकडून काल काय केलं नि पुढं काय वाटतं याचा तोंडी अहवाल घेई. बरोबर असेल तर मान डोलवायची, चूक असेल तर धरायची, पण वाट ज्याची त्यानं शोधायची. एकमेकांचं ऐकता ऐकता सगळ्यांना सगळ्यांचं काम कळायचं. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. गीसेनमध्ये करमणूक म्हणून काही नव्हतंच, असं तो लिहितो. लहान गावाचा हा फायदा आमच्या प्राचार्यांनी कधी जाहिरातीत घातला नाही. तक्रार करणारा एकच होता, लॅबचा शिपाई आउबेल. संध्याकाळी झाडू मारायचा तर ही पोरं बाहेरच निघत नाहीत, ही त्याची तक्रार.

कोण होती ही पोरं? आउगुस्ट होफमान आला होता कायदा शिकायला. आउगुस्ट केकुले 1847 मध्ये आला तो वास्तुशास्त्रासाठी. लीबिगची व्याख्यानं ऐकून त्यानं घरं बांधायचा बेत सोडला आणि 1865 मध्ये बेंझीनच्या रेणूचं षटकोनी घर बांधून दिलं. फ्रेझेनियस इथंच मदतनीस होता. आपल्या लॅबमध्ये भिंतीवर जो सॉल्ट अ‍ॅनालिसिसचा तक्ता असतो, पहिला ग्रुप, दुसरा ग्रुप, तिसरा ग्रुप, ती गटवार पद्धत जगभर पोचवण्यात त्याच्या पुस्तकाचा वाटा फार मोठा. म्हणजे बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला ज्यांचा ग्रुप चुकला, त्यांच्या दुःखाचं मूळही गीसेनच्या आसपास सापडतं.

होफमान 1845 मध्ये लंडनला गेला. तिथं त्याच्या हाताखालच्या अठरा वर्षांच्या पर्किननं 1856 मध्ये क्विनीन करता करता जांभळा रंग करून ठेवला. कृत्रिम रंगांचे कारखाने त्यातून उभे राहिले. 1897 मध्ये जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहारमधला निळीचा धंदा बसला. मुंबई विद्यापीठानं 1933 मध्ये रसायन तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तोच पुढं माटुंग्याला गेला, आणि त्यात सुरुवातीपासूनच कापडाच्या रसायनाला जागा होती. हे धागे सरळ नाहीत, पण तुटलेलेही नाहीत.

लीबिग देवमाणूस होता असं समजू नका. तापट, भांडखोर, मासिकातून लोकांची सालं काढणारा. फ्रीडरिश व्होलर या दुसऱ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाशी ओळख झाली तीही वादातूनच. दोघांच्या हाती दोन वेगळे पदार्थ, पण घटक नि प्रमाण तंतोतंत सारखं. लीबिगला वाटलं, व्होलर चुकला. पुन्हा करून पाहिलं तर दोघंही बरोबर! एकाच मालातून दोन वस्तू होऊ शकतात, हे त्यातून कळलं आणि जन्माची मैत्री जडली. 1832 मध्ये व्होलरची तरुण बायको वारली. लीबिगनं त्याला गीसेनला बोलावून घेतलं. सांत्वनाचे शब्द दोघांनाही येत नसावेत, हा माझा अंदाज. त्यांनी कडू बदामाचं तेल घेतलं आणि कामाला लागले. अणूंचा एक गट एका पदार्थातून दुसऱ्यात न मोडता जातो, हे त्यांनी दाखवलं. त्या गटाचं नाव बेंझॉइल.

चुकाही भरपूर. एका खाऱ्या झऱ्याच्या पाण्यातून निघालेला द्रव त्यानं आयोडीन क्लोराइड म्हणून बाटलीत भरून ठेवला होता, आणि 1826 मध्ये बालार या फ्रेंच माणसानं ब्रोमीन हे नवं मूलद्रव्य जाहीर केल्यावर ती बाटली आठवली, अशी गोष्ट सांगतात. पिकांना जमिनीतली खनिजं लागतात हे त्यानं 1840 पासून हिरिरीनं मांडलं आणि स्वतःचं खतही काढलं. पावसानं वाहून जाऊ नये म्हणून ते न विरघळणारं बनवलं. मग पिकाला तरी कसं मिळणार? खत सपशेल पडलं.

आणि पैसा. कित्येक वर्षं प्रयोगशाळेचा खर्च त्याच्या पगारातून नि विद्यार्थ्यांच्या फीमधून चाले. 1833 मध्ये तब्येत ढासळली तेव्हा त्यानं सरकारला संतापून पत्र लिहिलं. मग कुठं हात सैल सुटला, आणि 1839 मध्ये मोठी नवी लॅब झाली. होफमानचे वडीलच तिचे आर्किटेक्ट. आपल्याकडच्या छोट्या कॉलेजातला सहायक प्राध्यापक आठवड्याला सोळा तास शिकवतो, परीक्षा, नॅक, प्रवेशाची कामं करतो, आणि मग त्याला विचारतात, संशोधन कुठंय? तेव्हा मला हे पत्र आठवतं. फक्त लीबिगकडं पाच फुगे होते आणि राज्यात नाव झालेलं होतं. आपल्या सरांचं पत्र आवक-जावक वहीत जातं.

दुसरी एक गोष्ट भाषणांतून सहसा सांगत नाहीत. अठ्ठावीस वर्षांनी, 1852 मध्ये, लीबिग म्युनिकला गेला. तिकडची त्याची अट अशी होती, की विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत शिकवण्याची जबाबदारी आपल्यावर नको. ज्यानं जगाला प्रॅक्टिकल शिकवलं, तो प्रॅक्टिकलला विटला होता. मला त्याचं हे खरेपण आवडतं. सलग तीन बॅच घेतल्यावर चौथीच्या दारात उभं राहणाऱ्याला ते समजेल.

गीसेनच्या विद्यापीठाला आता लीबिगचंच नाव आहे. ती जुनी चौकी, खांबांच्या ओट्यासकट, 1920 पासून संग्रहालय म्हणून उघडी आहे. नव्या लॅबचं 1842 सालचं एक प्रसिद्ध चित्र आहे. उंच टोप्या घातलेली तरुण मंडळी, कुणी खल घोटतंय, कुणी नळीकडं डोळे लावून बसलंय. मेक्सिकोहून आलेला ओर्तिगोसा आहे, होफमान आहे. लीबिग मात्र चित्रात कुठं नाही. आउबेल आहे.

नमस्कार.