ड्युरांटा: कात्रीतून सुटलेलं झुडूप

नागपुरातल्या कुठल्याही कॉलनीत शिरा. कंपाउंडला लागून गुडघाभर उंचीचं, पिवळसर पोपटी कुंपण दिसेलच. हा ड्युरांटा. मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला. याला फुलं येतात हेच अनेकांना ठाऊक नसतं, कारण फुलं नव्या फांदीच्या शेंड्याला येतात आणि माळ्याची कात्री नेमकी तिथेच चालते.

आता हे न छाटलेलं झुडूप बघा. डोक्याच्याही वर गेलंय, फांद्या कमानीसारख्या वाकल्यात. फिक्या निळ्या-जांभळ्या फुलांचे लोंबते तुरे, आणि त्यामागोमाग वाटाण्याएवढ्या पिवळ्याधमक फळांचे घोस. एक फळ बोटांत धरा. टोकाला बारीक, वाकडी चोच आहे. फुलाखालची हिरवी वाटीच वाढून फळाला लपेटते, तिचं हे टोक. घाणेरीशी गल्लत होते. पण तिचं पान खरखरीत, चुरगळलं की उग्र वास, आणि फळ पिकलं की काळं.

ही फळं बुलबुल खातात, माणसाला मात्र विषारी. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल, तर दुसरं झाड निवडा.

जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ सेंटीमीटरची फांदी घ्या. खालची पानं काढा, दोन डोळे ओल्या रेतीत गाडा, सावलीत ठेवा. महिनाभरात मुळ्या धरतात. जागा दिवसाचे सहा तास तरी उन्हाची हवी.

आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. म्हणून दीड फुटाचा खड्डा, त्यात एक भाग माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेलं शेणखत. रोप जरा उंचवट्यावर. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नव्या रोपाला सायंकाळी पाणी आणि बुडाशी पालापाचोळा, एवढं पुरे. युरिया देऊ नका; पानंच माजतात.

छाटणी फळं गळाल्यावर, फेब्रुवारीअखेर. जुलैपासून कात्री बंद. पोळ्याला झुडूप फुलावर असतं, दिवाळीच्या सुमारास घोस पिवळे होऊ लागतात.

शेंड्यावर पांढरा कापूस दिसला, तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी.

सोनेरी पानांच्या जातीत मध्येच हिरवी, जोमदार फांदी फुटते. कुंपणासाठी लावलं असेल तर ती बुडातून काढा, नाहीतर सगळं हिरवं होत जातं. फळांसाठी लावलं असेल, तर खुशाल वाढू द्या.