घोंगड्यातला बर्फ

[दृश्य: करवीर तालुक्यातल्या एका गावातली शाळा, सातवीचा वर्ग. टेबलावर दोन ताटल्या, बर्फाचे दोन तुकडे, एक काळं घोंगडं.]

निवेदन:

बर्फाचे दोन सारखे तुकडे. एक ताटलीत उघडा, दुसरा घोंगड्यात गुंडाळलेला. आधी कोणता वितळेल?

बाईंनी हात वर करायला सांगितले आणि जवळजवळ सगळा वर्ग एका बाजूला झाला. घोंगड्यातला! कारणही तयार होतं. "बाई, घोंगडं गरम असतंय की!"

या पोरांचे वडील थंडीत रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला जातात, ते घोंगडं पांघरूनच. घोंगड्याची ऊब इथे कुणाला शिकवावी लागत नाही. म्हणूनच हा प्रश्न इथे विचारण्यासारखा आहे.

बाईंनी बरोबर की चूक, काहीच सांगितलं नाही. फळ्यावर दोन रकाने आखले, मतं लिहिली आणि दोन्ही ताटल्या सावलीत सरकवून ठेवल्या. या वर्गाचा नियम आहे: आधी अंदाज सांगायचा, तो फळ्यावर लिहायचा, मगच प्रयोगाला हात लावायचा. उष्णता शिकवताना याहून मोलाचं काही नाही असं मला वाटतं. प्रयोग नुसता दाखवला तर पोरं टाळ्या वाजवतात आणि विसरतात. स्वतःचा अंदाज फळ्यावर असला की शेवटपर्यंत जागची हलत नाहीत.

[दृश्य: मुलं बाकाला हात लावून बघत आहेत.]

तोवर दुसरा प्रश्न. बाकाची फळी गार की बाकाची लोखंडी पट्टी? सकाळची वेळ, डिसेंबर महिना. हात लावल्याबरोबर उत्तर आलं: "लोखंड लई गार हाय." मग फळीला एक आणि पट्टीला एक असे दोन थर्मामीटर चिकटवले, वरून कापूस लावला. थोड्या वेळाने बघितलं तर दोन्ही एकाच आकड्यावर. पोरांनी थर्मामीटर बदलून पाहिले. तरी तेच.

रात्रभर एकाच खोलीत असलेल्या वस्तूंचं तापमान सारखंच होतं. आपला तळहात मात्र त्यांच्यापेक्षा गरम असतो. लोखंड हाताची उष्णता भराभर ओढून नेतं, लाकूड सावकाश नेतं. हात सांगतो तो उष्णता निघून जाण्याचा वेग, आणि आपण त्याला गारवा समजतो. पदार्थातून उष्णता अशी पुढे सरकते, त्याला वहन म्हणतात. तांब्याची आणि लोखंडाची सारख्या जाडीची तार घेऊन, मेणाने टाचण्या चिकटवून, एक टोक मेणबत्तीवर धरलं, तर तांब्यावरच्या टाचण्या आधी पडतात. तांबं लोखंडाच्या साधारण 5 पट चांगलं वाहक आहे. हा प्रयोग पुस्तकात असतोच. पण बाकावरचा हात आणि थर्मामीटर यांचं भांडण आधी झालेलं असलं, तर टाचण्या का पडल्या हे सांगायला मुलं एकमेकांच्या पुढे धावतात.

[दृश्य: घोंगडं उलगडलं जात आहे.]

तास संपत आला. उघड्या ताटलीत पाण्यात तरंगणारी एक चकती उरली आहे. घोंगडं उलगडलं, तर आत चांगला मोठा खडा. वर्ग गप्प.

मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मग आम्हाला घोंगड्यात ऊब कशी लागती?"

या एका प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप होता. लोकरीच्या धाग्यांत हवा अडकून बसते, आणि अडकलेली हवा फार वाईट वाहक. पाण्याच्या मानाने ती 20 पटींहूनही कमी उष्णता पुढे जाऊ देते. घोंगडं स्वतः काही तापवत नाही. आपल्या अंगाची उष्णता ते बाहेर जाऊ देत नाही, आणि खोलीची उष्णता बर्फापर्यंत पोचू देत नाही. बर्फवाला लादीवर भुसा आणि गोणपाट टाकतो तेही याचसाठी. थंडी कुठूनही कुठे जात नाही. प्रवास फक्त उष्णतेचा, गरमाकडून गाराकडे.

हे मुलांना अवघड वाटलं तर त्यांना दोष देऊ नये. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ मार्क-ऑगस्त पिक्ते यांनी 1790 च्या सुमारास दोन अंतर्वक्र आरसे समोरासमोर ठेवले. एकाच्या नाभीशी, म्हणजे आरसा किरण एकवटतो त्या जागी, बर्फाचं भांडं, दुसऱ्याच्या नाभीशी थर्मामीटर. दूरवरचा पारा खाली उतरला! बर्फातून थंडी निघून आरशावरून परावर्तित झाली, असंच कुणालाही वाटावं. पुढच्याच वर्षी त्याच शहरातल्या पिएर प्रेव्हो यांनी उलगडा केला. प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते, थर्मामीटरसुद्धा. समोर बर्फ असला की थर्मामीटर टाकतो त्यापेक्षा त्याला परत कमी मिळते, म्हणून पारा उतरतो. सातवीच्या पोरांना पडलेला पेच तेव्हाच्या विद्वानांनाही पडला होता.

[दृश्य: गुऱ्हाळ. चुलवाणात चिपाडं पडत आहेत, काहिलीतून वाफ.]

दुपारी वर्ग गुऱ्हाळावर गेला. गुळव्याकाकांनी आधीच बजावलं, "काहिलीजवळ कुणी यायचं न्हाई. हितनंच बघायचं."

काहिलीच्या तळातून उष्णता रसात येते, ते वहन. तळाचा तापलेला रस हलका होऊन वर येतो, वरचा गार रस खाली जातो, ते अभिसरण. चुलवाणाच्या तोंडासमोर लांब उभं राहिलं तरी गाल भाजतात. एका मुलाने चेहऱ्यासमोर वही धरली आणि चटका त्याच क्षणी थांबला. वही काढली, पुन्हा चटका. गरम हवा अंगावर येत असती तर वहीच्या कडेने वळून आली असती. जाळातून निघालेली उष्णता प्रकाशासारखी सरळ येते, तिला ना रस लागतो ना हवा. हे प्रारण. ज्वाळेची गरम हवा तर धुराड्यातून वर निघालेली असते, आणि तिच्या जागी बाहेरची गार हवा चुलवाणात ओढली जाते. म्हणून जाळ पेटता राहतो.

गूळ साच्यांत ओतला गेला. कुणीतरी विचारलं, "काका, ह्यो गार कवा हुणार?"

"लहान ढेप संध्याकाळपर्यंत. तीस किलोचा रवा, म्हंजी मोठी ढेप, आतनं उद्या सकाळीबी कोमट लागंल."

"असं का? गूळ तर एकच हाय."

सगळी पोरं बाईंकडे वळली. बाईंनी उत्तर दिलं नाही. एक मोठा आणि एक लहान, असे दोन उकडलेले बटाटे उद्या वर्गात आणायचं ठरलं, आणि अंदाज आजच वहीत लिहून ठेवायचे.