बोट ट्रेलरचे दिवे मिणमिणतायत? बल्ब बदलू नका, पांढरी वायर बघा

नमस्कार मंडळी. डावा सिग्नल दिला की मागचे सगळे दिवे एकत्र मिणमिणतात, हेडलाइट लावले की ब्रेकचा दिवा मंद होतो. अमेरिकेत बोट ओढणाऱ्या आपल्या मराठी लोकांची नेहमीची तक्रार. मग लोक दुकानातून नवे बल्ब आणतात. थांबा. बल्ब बहुतेक वेळा ठणठणीत असतो. गेलेला असतो तो अर्थ, म्हणजे अर्थिंग.

हा बघा, गाडी आणि ट्रेलरच्या वायरी जोडणारा चार पिनचा चपटा प्लग. ब्राऊन वायर टेललाइटची, पिवळी डाव्या सिग्नलची आणि ब्रेकची, हिरवी तशीच उजवीकडची. पांढरी म्हणजे अर्थ, करंट परत जायची वाट. ती तुटली की करंट दुसरी वाट शोधतो. जुन्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात आणि त्यांचा अर्थ एकच. सिग्नलचा करंट टेललाइटच्या फिलामेंटमधून उलटा ब्राऊन वायरवर चढतो आणि दुसऱ्या दिव्यातून अर्थ गाठतो. म्हणून सगळेच अर्धेमुर्धे पेटतात.

पण आधी गाडीला निर्दोष ठरवा. ट्रेलर काढून ठेवा आणि गाडीच्या प्लगला बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावा. तिथेच करंट नसेल तर फ्यूज किंवा कन्व्हर्टर (गाडीचे सिग्नल ट्रेलरच्या वायरिंगला जुळवून देणारी डबी) तपासा, ट्रेलरच्या नादी लागू नका.

गाडी ठीक आहे? मग ट्रेलर जोडा. एक लांब वायर घ्या, एक टोक गाडीच्या चासीला, दुसरं थेट दिव्याच्या पांढऱ्या वायरला. दिवे झक्क लागले? चोर सापडला.

पुष्कळ ट्रेलरवर अर्थ लोखंडी फ्रेममधूनच फिरवलेला असतो. पुढची पांढरी वायर एका स्क्रूवर आणि मागचे दिवे आपापल्या बोल्टवर. त्या स्क्रूखाली गंज धरला की करंट हिचच्या बॉलमधून, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यातून, जायला बघतो. तिथे ग्रीस आणि गंज, म्हणून खड्ड्यात दिवे लुकलुकतात. ट्रेलर मधे बिजागरीवर वाकणारा असेल तर आणखी एक कच्चा सांधा. माझं मत स्पष्ट आहे: फ्रेमवर विसंबू नका, प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र पांढरी वायर ओढा. तासाभराचं जास्तीचं काम आहे, पण कराच.

वायर कापली की आतलं तांबं बघा. हिरवं किंवा काळं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. खारं पाणी कव्हरच्या आतून बरंच लांब चढतं. नवी वायर कथिलाचा मुलामा दिलेली, बोटीसाठीची घ्या. जोड देताना पिळा मारून चिकटपट्टी? अजिबात नको. आणि त्या वायर न सोलता दाबून बसवायच्या निळ्या क्लिपा, त्यांचा तर मला मनस्वी राग आहे, पाणी सरळ आत जातं. आतून गोंद असलेले हीट श्रिंक कनेक्टर वापरा: आधी क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा, मग हीट गन फिरवा, कडेने गोंद बाहेर आला की झालं.

प्लगच्या पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे पाणी बाहेर ठेवणारं, वीज न वाहणारं ग्रीस लावा.

आणि रॅम्पवर बोट पाण्यात सोडण्यापूर्वी प्लग काढायचाच. तापलेला बल्ब गार पाण्यात गेला तर तडकतो. सीलबंद एलईडी असतील तर ती भीती नाही, तरी प्लग काढा, कारण पाण्यात करंट चालू राहिला की जोडांवरचा गंज झपाट्याने वाढतो.