सुक्याबरोबर ओलं

रोमचं नैतिक अधःपतन म्हटलं की सगळ्यांना आधी सम्राट नीरो आठवतो, मग त्या मेजवान्या, दारूचे पाट, आखाड्यातली कत्तल. रोमन लेखक स्वतःसुद्धा हेच सांगत आले, लिव्हीने तर आपल्या इतिहासाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की आता आम्हाला आमचे दुर्गुणही सोसवत नाहीत आणि त्यांच्यावरचं औषधही. पण मी जेव्हा जेव्हा हा विषय वाचतो तेव्हा माझं मन एका वेगळ्याच ठिकाणी अडकतं. तिथे कोणी झिंगलेलं नव्हतं, कोणी वेडं नव्हतं, सगळे शिकलेसवरलेले, वयस्क, अंगावर टोगा, आणि चर्चा अगदी नियमाला धरून चाललेली. जागा रोमचं सिनेट, म्हणजे बड्या लोकांची राज्यकारभाराची सभा, साल इ.स. ६१.

झालं असं होतं. लुसिअस पेडानिअस सेकुंडस नावाचा माणूस तेव्हा रोम शहराचा प्रिफेक्ट होता, म्हणजे शहराचा पोलीस कमिशनर आणि मोठा मॅजिस्ट्रेट दोन्ही एकाच खुर्चीत असं समजा, आधी कॉन्सल, म्हणजे रोमच्या सगळ्यात मानाच्या सरकारी पदावर, होऊन गेलेला, बडं प्रस्थ. त्याचा त्याच्याच घरात खून झाला आणि खून करणारा त्याचा स्वतःचा गुलाम होता. का केला? टॅसिटस हा इतिहासकार दोन शक्यता देतो. एक म्हणजे दोघांचा जीव एकाच तरुणावर जडला होता आणि मालक आडवा येतो हे गुलामाला सहन झालं नाही. दुसरी मला जास्त बोचते. मालकाने पैसे घेऊन त्याला मोकळं करायचं कबूल केलं होतं, किंमतसुद्धा ठरली होती, आणि मग मालक शब्दाला फिरला. आता ही किंमत कुठून यायची बघा, कायद्याने गुलामाच्या मालकीचं काहीच नसायचं, पण मालकाने चालवून घेतलं तर थोडी पुंजी बाळगता यायची, तिला पेक्युलिअम म्हणायचे, पै पै साठवून कित्येक जण त्यातून स्वतःला विकत घ्यायचे. स्वतःला विकत घ्यायचे! आणि व्यवहार ठरल्यावर समोरचा नाही म्हणाला तर दाद मागायची कुणाकडे, शहराचा मॅजिस्ट्रेट तर तोच.

खून करणाऱ्याला शिक्षा होणार हे उघडच होतं, प्रश्न बाकीच्यांचा होता. कारण रोमचा जुना रिवाज असा की मालकाला घरातल्या गुलामाने मारलं तर त्या छताखाली असलेले सगळे गुलाम मारायचे, सगळे म्हणजे सगळे. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात इ.स. १० मध्ये सिनेटने तसा ठरावच केला होता, आणि या खुनाच्या चारच वर्षं आधी, ५७ मध्ये, तो आणखी आवळला, म्हणजे मालकाने मृत्युपत्रात ज्यांना मुक्त केलंय पण जे अजून त्याच घरात राहतात त्यांनाही तीच शिक्षा. त्यामागचा हिशोब सरळ होता, प्रत्येक गुलामाला स्वतःच्या मरणाची इतकी भीती घाला की तो दुसऱ्या गुलामावर नजर ठेवेल.

पेडानिअसच्या घरात असे ४०० गुलाम होते.

चारशे. अशा बड्या घरात स्वयंपाकी, दरवान, हिशेब लिहिणारे, केस विंचरणाऱ्या बायका, दाया, कपडे सांभाळणारे, निरोप घेऊन पळणारी पोरं, असा सगळा बारदाना असायचा, त्यातल्या कित्येकांचा आणि मालकाचा महिनोन् महिने समोरासमोर संबंधही येत नसेल.

ही बातमी बाहेर फुटली आणि रोमचे सामान्य लोक रस्त्यावर उतरले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण याच लोकांना आपण एरवी फुकटचं धान्य आणि खेळ मागणारी गर्दी म्हणून ओळखतो. ते दंगलीपर्यंत आले, सिनेटच्या दारापर्यंत, या निरपराध माणसांना मारू नका म्हणून. त्यांच्यातले अनेक जण स्वतः सुटलेले गुलाम होते किंवा गुलामांची मुलं-नातवंडं, छताखालचं जगणं म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सिनेटमध्येही काही जणांना हे जास्त होतंय असं वाटत होतं. तेव्हा उभा राहिला गायस कॅशिअस लाँगिनस. सीझरला मारणाऱ्या कॅशिअसच्या घराण्यातला, सिरियाचा गव्हर्नर राहिलेला, आणि मुख्य म्हणजे त्या काळातला सगळ्यात नावाजलेला कायदेपंडित, त्याच्या नावाने कायद्याची एक परंपराच ओळखली जायची. हा माणूस भ्रष्ट नव्हता, लाचखाऊ नव्हता, खुशमस्कऱ्या तर अजिबात नव्हता. म्हणूनच त्याचं भाषण वाचताना अंगावर काटा येतो.

टॅसिटसने दिलेल्या त्या भाषणाचा मथितार्थ असा. पूर्वजांचा कायदा आपल्यापेक्षा शहाणा आहे. एका कॉन्सल होऊन गेलेल्या माणसाला त्याच्या घरात मारलं जातं आणि ४०० जणांतला एकही वाचवू शकत नाही, मग आपल्यापैकी कोण सुरक्षित आहे? खुनी उठला, हत्यार मिळवलं, झोपण्याच्या खोलीपर्यंत गेला, दिवा होता, पहारा होता, आणि कुणालाच काही कळलं नाही? आपल्याच घरात जन्मलेल्या गुलामांवरही पूर्वजांचा भरवसा नव्हता, आता तर आपल्या घरात परदेशी लोक भरलेत, त्यांचे देव वेगळे किंवा देवच नाहीत, हा गाळ भीतीशिवाय काबूत राहणार नाही. आणि मग तो मुद्दा, जो सगळ्यांच्या मनात होता. निरपराध मरतील? हो, मरतील. सैन्य पळून आलं की चिठ्ठ्या टाकून दर दहावा माणूस काठ्यांनी मारतात, तेव्हा शूर माणसाचीही चिठ्ठी निघतेच की. प्रत्येक मोठ्या शिक्षेत थोडा अन्याय असतो, पण एकेकट्याचं नुकसान सगळ्यांच्या फायद्यात भरून निघतं.

आपल्याकडे सुक्याबरोबर ओलंही जळतं असं म्हणतात, पण आपण ते हळहळून म्हणतो. कॅशिअस ते धोरण म्हणून मांडत होता. मला विचाराल तर रोम सडलं ते इथे, जेव्हा सगळ्यात हुशार आणि सगळ्यात स्वच्छ माणसाने आपली सगळी बुद्धी आणि सगळी अब्रू हे पटवून द्यायला वापरली की या पोराबाळांना मारणंच योग्य आहे.

त्याला एकानेही उभं राहून उत्तर दिलं नाही. नुसते आवाज उठले, किती जण आहेत बघा, बायका आहेत, वय बघा, बहुतेकांचा काडीचा संबंध नाही. आवाज विरले आणि ठराव झाला.

लोक दगड आणि मशाली घेऊन जमले, शिक्षा होऊ देईनात. मग नीरोने लोकांना झापणारा हुकूम काढला आणि चारशे जणांना ज्या रस्त्याने न्यायचं होतं त्या सगळ्या रस्त्याला दुतर्फा सैनिक उभे केले. त्या सैनिकांच्या भिंतीमधून ते गेले.

सिंगोनिअस वारो नावाचा सिनेटर तर आणखी पुढे गेला, त्याच घरातल्या मुक्त झालेल्या गुलामांनाही इटलीबाहेर हाकला म्हणाला. ते नीरोनेच थांबवलं, जुनी प्रथा दयेने सौम्य केली नाही तर क्रूरपणे वाढवूही नका असं सांगून. त्या सगळ्या प्रकरणात हात आखडणारा माणूस नीरो निघावा, यावरून सिनेटची काय अवस्था झाली होती ते कळतं.

आणि सेनेका? तत्त्वज्ञ सेनेका तेव्हा नीरोचा जवळचा सल्लागार होता. टॅसिटसच्या या हकिकतीत त्याचं नाव कुठेच येत नाही. पुढच्या काही वर्षांत त्यानेच एका पत्रात लिहिलं की लोक म्हणतात हे गुलाम आहेत, नाही, ही माणसं आहेत, आणि जेवढे गुलाम तेवढे शत्रू ही म्हण खोटी आहे, ते शत्रू नसतात, आपण त्यांना शत्रू बनवतो. फार सुंदर पत्र आहे ते, पण प्रत्येक वेळी वाचताना मला तो रस्ता दिसतो. त्याच सेनेकाने आधी एक गोष्ट सांगितली होती, एकदा सिनेटमध्ये ठराव आला की गुलामांना वेगळा पोशाख ठरवून द्यावा, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की तसं केलं तर गुलाम आपल्याला मोजायला लागतील.

कॅशिअसचं पुढे काय झालं तेही सांगतो. चार वर्षांनी, ६५ मध्ये, नीरोची नजर त्याच्यावर फिरली. आरोप काय तर घरातल्या पूर्वजांच्या प्रतिमांमध्ये त्याने सीझरच्या मारेकऱ्याची, म्हणजे त्या जुन्या कॅशिअसची प्रतिमा ठेवलीय. तोवर हा म्हातारा झाला होता, डोळे गेले होते. त्याच सिनेटने रीतसर ठराव करून त्याला सार्डिनियाला हद्दपार केलं. व्हेस्पेशिअन सम्राट झाल्यावर तो परत आला.

कायदा मात्र जागेवर राहिला. दुसऱ्या शतकात सम्राट हॅड्रिअनने तो थोडा मऊ केला म्हणतात, सरसकट सगळे नाहीत, खुनाच्या वेळी जे कळण्याइतके जवळ होते त्यांचीच चौकशी करायची. पण त्याच हॅड्रिअनचा एक निवाडा रोमन कायद्याच्या संग्रहात उरलाय. एक दासी आपल्या मालकिणीच्या खोलीत होती, मारेकऱ्याने तिला धमकावलं, ओरडलीस तर तुलाही मारीन. ती गप्प राहिली. हॅड्रिअनने कळवलं की तिला मृत्युदंड द्या, ती ओरडू तरी शकली असती.