महिला फुटबॉलच्या आशिया कपमध्ये आपल्या मुलींचा चान्स किती?

हे चियांग माई. ५ जुलै २०२५, आशिया कपच्या क्वालिफायरची शेवटची मॅच, समोर थायलंड, आणि तेही त्यांच्याच घरच्या ग्राउंडवर. मॅचच्या आधी दोन्ही टीमचे पॉइंट्स सेम, गोल डिफरन्स (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) पण सेम, दोघींचाही २२, आणि ग्रुपमधून पुढे जाणार फक्त एकच. आता २८वं मिनिट बघा. संगीता बासफोरला बॉक्सच्या बाहेर जराशी जागा मिळते आणि ती तिथूनच मारते. १-०! ब्रेकनंतर लगेच, ४७व्या मिनिटाला थायलंडने फेडला, स्टेडियम पेटलं, आणि असा गोल खाल्ला की आपल्या टीमची मान खाली जायची हे इतकी वर्षं बघितलंय, पण इथे एकीची पण मान खाली नाही, बॉल उचलला आणि सेंटरला नेऊन ठेवला. ७४व्या मिनिटाला परत संगीताच. २-१. पुढचा सगळा वेळ नुसता बचाव, बॉल येईल तसा बाहेर काढायचा.

दोन वर्ल्ड कप खेळलेली टीम आहे ही थायलंडची. १९८३ च्या आशिया कप फायनलला यांनीच आपल्याला ३-० ने हरवलं होतं, त्याच्या आधी १९८० मध्ये कोझिकोडला झालेली फायनल पण आपण हरलो होतो. म्हणजे एकेकाळी आपण आशियात दुसऱ्या नंबरवर होतो हे बऱ्याच जणांना माहितीच नाहीये. आणि क्वालिफायर जिंकून आशिया कप गाठायची ही आपली पहिलीच वेळ.

हे बाकीचे गोल पण बघून घ्या. मंगोलियाला १३, तिमोर-लेस्तेला ४, इराकला ५. चार मॅचमध्ये २४ गोल केले, खाल्ला एक. भारी वाटतं, पण खरं सांगायचं तर आपल्या डिफेन्सची परीक्षा झाली ती थायलंडच्या ९० मिनिटांतच.

आता हे ग्राउंड ओळखलंत का? नवी मुंबई, डी. वाय. पाटील. जानेवारी २०२२, आशिया कप आपल्याच घरी. इराणशी ०-०, आणि पुढच्या मॅचच्या आधी टीममध्ये कोविड पसरला, खेळायला १३ जणी पण उरल्या नाहीत आणि आपण स्पर्धेच्या बाहेर! ती पुढची मॅच होती चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवान. दोन आठवड्यांनी याच ग्राउंडवर व्हिएतनामने तैपेईला २-१ हरवून २०२३ च्या वर्ल्ड कपचं तिकीट काढलं.

आणि २०२६ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आपल्या ग्रुपमध्ये कोण? हेच दोघं. चौथं जपान.

जपान २०११ चं वर्ल्ड चॅम्पियन. त्यांची प्रोफेशनल लीग, १२ टीमची, एकेका टीमला २२ मॅच. आपल्या इंडियन विमेन्स लीगला आठ टीम, म्हणजे १४ मॅच. या मुली मेहनतीत कुठेच कमी नाहीत हो, त्यांना मॅच कमी मिळतात! ७०व्या मिनिटानंतर पाय जड होतात ते यामुळेच, कारण मॅच फिटनेस कॅम्पमध्ये येत नाही. आपल्या टीमच्या मनीषा कल्याणला बघा, सायप्रसच्या क्लबला गेली, युरोपची चॅम्पियन्स लीग खेळली, आणि अंगावर डिफेंडर असताना बॉल कसा धरून ठेवते ते दिसतंच आहे.

तर चान्स किती? १२ टीम, तीन ग्रुप, प्रत्येकातल्या पहिल्या दोन आणि तिसऱ्या नंबरवाल्यांपैकी बेस्ट दोन क्वार्टर फायनलला. म्हणजे तीन पॉइंट्सवर, एकच मॅच जिंकून पण जमू शकतं. ४ मार्चला पर्थमध्ये व्हिएतनाम, आमच्या मते सगळं या मॅचवर आहे, इथे पॉइंट मिळाला तर १० तारखेला सिडनीत तैपेईला हरवणं नक्की आवाक्यात आहे. क्वार्टर गाठली की २०२७ च्या ब्राझील वर्ल्ड कपचा रस्ता उघडतो.

मधली ७ तारखेची मॅच जपानशी. ती हरणार असंच सगळे धरून चाललेत, पण तिसऱ्या नंबरचा हिशोब गोल डिफरन्सवर गेला तर आपली तुलना होणार इराण किंवा फिलिपिन्स, बांगलादेश किंवा उझबेकिस्तान अशांशी, म्हणून ०-४ झाल्यावर सुद्धा पाचवा गोल अडवायला जीव तोडून पळायचंय.